बंबाला गोधडी

गॅसवाला जिन्याखालच्या कपाटासमोर गुडघे टेकून बसला होता आणि मी त्याच्यासाठी केलेला चहा हातात धरून मागे उभी होते. वर्षातून एकदा कुणीतरी येतं, पत्र्याचं दार काढतं, फिल्टर झटकतं, बर्नर बघतं, कागदावर खुणा करतं आणि जातं. यंदा मात्र या माणसाने टॉर्च आत धरला तो धरूनच ठेवला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला या घरात?" रिपोर्टचं पाकीट उघडल्यावर डॉक्टर "घरी कोण कोण असतं?" असं विचारतात ना, तसा तो आवाज होता. आतल्या पत्र्याच्या पेटीला चीर गेली होती. जिच्या आत गॅस जळतो आणि बाहेरून आमच्या श्वासाची हवा फिरते, तीच पेटी. त्याने घर गरम ठेवणाऱ्या हवेच्या यंत्राचा गॅस बंद केला, इशाऱ्याचं लेबल चिकटवलं आणि उठून गुडघे झटकत म्हणाला, याचे सुटे भाग शोधण्यात आता अर्थ नाही, काढूनच टाका, गरम पाण्यावर तापणारे रेडिएटर घाला, जमिनीतले आणि भिंतीतले डक्ट, म्हणजे हवेचे बोगदे, ते लोक बुजवून देतील. मग त्याने खर्चाचा अंदाज सांगितला. तो ऐकून खरं तर मला चक्कर यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात भलतंच आलं. डक्ट बुजवले तर खालचं बोलणं वरच्या खोलीत ऐकू कसं येणार?

चहा त्याने घेतलाच नाही. मीच प्यायले, गार झालेला.

आमचं घर इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समधलं, सत्तरच्या दशकातलं. हे गावच मुळी १९६७ मध्ये कागदावर जन्मलेलं. आडव्या रस्त्यांना एच, उभ्यांना व्ही, पुढे आकडा, आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे गोल चौक. नव्या गावात नव्या तऱ्हेची घरं बांधायची हौस तेव्हाच्या लोकांना होती. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत असतात तसे खिडकीखालचे रेडिएटर आमच्याकडे नाहीतच. पहिल्यांदा येणारा पाहुणा हात चोळत भिंतीकडे बघतो आणि गोंधळतो. घराच्या मध्यावर, जिन्याखाली एक कपाट, त्यात गॅसवर चालणारं यंत्र, आणि त्यातून निघालेले पत्र्याचे चौकोनी बोगदे. ते जमिनीखालून बैठकीच्या खोलीत जातात आणि भिंतींच्या पोटातून वर चढून तिन्ही झोपायच्या खोल्यांत उघडतात. टोकाला लोखंडी जाळी. खाली जमिनीत, वर भिंतीत, पायाच्या घोट्याच्या उंचीवर. थर्मोस्टॅटने हाक मारली की आधी कपाटात 'भप्प' होतं. पण हवा लगेच येत नाही. पेटी तापेपर्यंत पंखा दम धरून असतो, नाहीतर गार वाराच अंगावर यायचा. मग एखाद-दोन मिनिटांनी बोगद्यांचा पत्रा टकटक करत फुगतो आणि घरभर 'हुऽऽऽ' सुरू होतं. माझ्या लेकीने लहानपणी या यंत्राचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. आधी खोकतात, मग बोलायला लागतात, आणि मग थांबतच नाहीत.

थांबतात तेव्हाही लगेच थांबत नाहीत हे तिने बरोबर हेरलं होतं. खाली ज्योत विझली तरी पेटीतली उरलीसुरली ऊब ढकलून देईपर्यंत पंखा चालूच राहतो.

या हवेची गंमत अशी की ती फार लवकर तापते आणि तितक्याच लवकर विसरते. बाहेरून आलं, बटण फिरवलं, की पाच-दहा मिनिटांत कोट काढावासा वाटतो. यंत्र थांबलं की पंधरा मिनिटांत खांद्यांना कळतं. रेडिएटरचं लोखंड कसं, तापायला वेळ घेतं पण मग तासभर माया धरून ठेवतं, शिवाय त्यावर मोजे वाळतात. आमच्याकडे मोजे वाळत नाहीत, ओठ वाळतात. जानेवारीत लेकीचे केस कंगव्यामागे उभे राहतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. ऋतूतल्या पहिल्या दिवशी, उन्हाळाभर बोगद्यात बसलेली धूळ जळते तेव्हा एक विशिष्ट वास येतो. आईने तो पहिल्यांदा घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "केस कुणी जाळले गं?" आणि वास नुसता येत नाही, तो फिरतो. यंत्र खोल्यांना हवा देतं तशी परत घेतंही, आणि ती परत घ्यायची मोठी जाळी आमच्याकडे नेमकी स्वयंपाकघराच्या दारासमोर. आराखडा काढणाऱ्याला फोडणी ठाऊक नसणार. तेलात हिंग पडला की चौथ्या मिनिटाला तो वरच्या खोलीत, माझ्या ऑफिसच्या कोटापर्यंत पोचलेला असतो. एका महत्त्वाच्या बैठकीत शेजारच्या बाईने दोनदा नाक वर केलं होतं ते मी अजून विसरलेले नाही.

पण मी आवाजाचं सांगत होते. पंखा चालू असला की काही कळत नाही. तो थांबला की मात्र हे बोगदे कान होतात. बैठकीच्या खोलीत कुणी साधं "चष्मा कुठे ठेवला" म्हटलं तरी ते वर माझ्या उशीपाशी, जरा पत्र्याच्या आवाजात, पण स्वच्छ ऐकू येतं. घर घेतलं तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही आईला सांगितलं नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की महाबळेश्वरच्या आधी आमचं नाव येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, हे डिसेंबर-जानेवारीत सगळा महाराष्ट्र पेपरात वाचतो. आम्ही तो आकडा वाचायच्या आधी अंगावर घेतलेला असायचा. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायच्या सुमाराला अशी थंडी पडली की मणी तडकतात, फुगवण थांबते. मग रात्री दोन-तीनला अण्णा बागेत जायचे. ओळींच्या मधे जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं, विहिरीचं पाणी त्या मानाने कोमट असतं म्हणून. धूर बागेवर पांघरुणासारखा बसायचा. सकाळी अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कांबळ्याला, मिशांना, अगदी हातातल्या चहाच्या कपालाही त्या धुराचा वास असायचा. आम्हा पोरांना वाटायचं, अण्णा घोंगडी पांघरून द्राक्षांना निजवून आले.

आणि मागच्या पडवीत बंब. तांब्याचा, पोटात मधोमध नळकांडं, खाली जाळी, बाजूला तोटी. नळकांड्यात जळण टाकायचं आणि भोवतीच्या पाण्याला त्याची धग लागायची. आमच्याकडे जळण म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या. बागेतून मोळ्या बांधून आणायच्या, पडवीत रचायच्या, त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायच्या. बंबाचा एक साधा कायदा होता. वरून गार पाणी घातल्याशिवाय खालून गरम मिळायचं नाही. त्यामुळे अंघोळ करून जो निघेल त्याने पुढच्यासाठी बादलीभर पाणी ओतून निघायचं. माझा थोरला भाऊ हटकून विसरायचा आणि माझ्या वाट्याला उरलेलं, उकळतं, धुरकट चवीचं पाणी यायचं. मग विसण. हंड्यातलं गार पाणी तांब्याने घालत, बोट बुडवत, आणखी अर्धा तांब्या, आणखी थोडं. आजीला बोट बुडवावं लागत नसे. बादलीवर नुसता हात फिरवून ती "पुरे" म्हणायची. आई त्या बंबापाशी पहाटे पाचला बसायची, सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत. थंडीत आम्ही तिच्याभोवती गोळा व्हायचो. कुणी दात घासत, कुणी पाढे म्हणत, कुत्रं राखेजवळ. घरातली सगळी भांडणं तिथे मिटायची असं मी म्हणणार नाही. बरीचशी तिथेच सुरू व्हायची. पण सगळे तिथे असायचे, कारण दुसरीकडे कुठे ऊब नव्हती.

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, आई माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली.

पहिल्याच संध्याकाळी ती बैठकीच्या खोलीत खिडकीशी उभी असताना आजोबा खोकले आणि तिच्या नऊवारीचा घोळ खालून एकदम फुगला. ती दचकून बाजूला झाली, मग जमिनीतल्या जाळीकडे वाकून बघितलं, हात धरला. "कुठून येतंय हे?" मी कपाट दाखवलं. तिने दार उघडून यंत्र पाहिलं, खालच्या फटीतून ती निळी ज्योत पाहिली आणि विचारलं, "हिला घालतं कोण?" मी म्हटलं, कुणीच नाही, आपोआप. त्यावर ती "बरं" म्हणाली. आईचं "बरं" दोन प्रकारचं असतं. हे दुसरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला वरचं एअरिंग कबर्ड दाखवलं. हे या देशातल्या जुन्या घरांतलं माझं सगळ्यात आवडतं फडताळ. आत गरम पाण्याची उभी टाकी, तिच्या वर लाकडी फळ्या, त्यावर टॉवेल आणि चादरी, कायम कोमट. टाकीला लाल रंगाचं जाड जाकीट, पट्ट्यांनी बांधलेलं, ऊब निघून जाऊ नये म्हणून. जिन्याखालच्या कपाटात हवेच्या यंत्राशेजारी पाण्यासाठी एक वेगळा छोटा बर्नर आहे, त्याचं पाणी या टाकीत फिरतं. आणि तो बिघडला तर टाकीच्या पोटात विजेचा दांडा आहे, त्याचं बटण बाहेर, लाल दिव्याचं. मी हे सगळं सांगत असताना आईने जाकिटाच्या दोन पट्ट्यांमधली फट बोटाने उचकटली. आत तांबं चमकलं. तिने नखाने टक् केलं, कान लावला, आणि माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता.

"अगं हा तर बंब! बंबाला गोधडी घातलीय यांनी!"

तिथून पुढे ते फडताळ तिचं झालं. दही तिथे लागायला लागलं. इडलीचं पीठ, जे माझ्याकडे आठ वर्षांत एकदाही नीट फुगलं नव्हतं, ते एका रात्रीत पातेल्याबाहेर आलं आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर सांडलं. खोबरेल तेलाची बाटलीही तिथेच, कारण घर आम्ही एकोणीस अंशांवर ठेवतो आणि त्यात ते थिजलेलंच राहतं. शेजारच्या आजींना मी एकदा चहाला बोलावलं होतं. त्या या रांगेत घरं नवी असताना लंडनच्या पूर्व भागातून राहायला आल्या, तेव्हापासून इथेच. आईला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं म्हणून ती त्यांना थेट वर घेऊन गेली आणि टाकी दाखवली. मी मधे दुभाषी. त्या ऐंशी वर्षांच्या बाईने टाकीला हात लावून सांगितलं की त्यांच्या लहानपणी घरात मागच्या बाजूला विटांत बसवलेलं मोठं भांडं असे, खाली विस्तव, आठवड्याचे कपडे त्यातच उकळायचे आणि अंघोळीचं पाणीही त्यातच तापायचं. त्याला ते 'कॉपर'च म्हणायचे. शुक्रवारी रात्री शेगडीसमोर पत्र्याचं टब मांडायचं आणि एकाच पाण्यात सगळ्यांनी ओळीने अंघोळ करायची, आधी वडील, शेवटी ही, सगळ्यात धाकटी. आई ऐकत होती. "कॉपर म्हणजे तांबं का?" मी हो म्हटलं. "मग बंबच." त्यानंतर दुभाषी नको होता.

त्याच आजींनी मला पूर्वी सांगितलं होतं की डिसेंबर १९५२ मधलं लंडनचं ते पाच दिवसांचं विषारी धुकं त्यांनी पाहिलंय, नाकाला रुमाल बांधून शाळेतून येताना भिंत चाचपत यावं लागलं होतं. सगळ्या शहराच्या शेगड्या एकदम पेटल्या आणि धूर वर जाईना. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, मग कोळसा हळूहळू गेला, उत्तर समुद्रातला गॅस सापडला आणि १९६७ पासून दहा वर्षं गॅसवाले घरोघरी जाऊन शेगड्या-बर्नर त्या गॅससाठी बदलत फिरले. नव्या घरात बटण फिरवून गरम हवा येते हे बघायला तेव्हा त्यांची बहीण लंडनहून आली होती, जाळीवर उभी राहून स्कर्ट फुगवून घेतला आणि जाताना म्हणाली, पण बसायचं कशाकडे तोंड करून? शेवटी त्यांनी भिंतीला एक खोटी शेगडी लावून घेतली, विजेच्या ज्वाळांची. अजून आहे.

अंघोळीचं मात्र आईचं जमेना. इथल्या बेसिनला दोन वेगवेगळे नळ, एकातून कढत, एकातून बर्फ. जुन्या घरांत गार पाणी थेट रस्त्याच्या पाइपातून यायचं आणि गरम माळ्यावरच्या टाकीतून, ते पिण्यालायक नसायचं म्हणून दोघांना एकत्र येऊ द्यायचं नाही, असा त्यामागचा जुना हिशोब. आईला कारणाशी देणंघेणं नव्हतं. "विसण घालायला भांडं तरी द्या," ती म्हणाली. आम्ही बादली आणली, पाणी घ्यायचा मग आणला, तिच्यासाठी टबात ठेवायला बुटकं स्टूल आणलं. २४ ऑक्टोबरला, सोमवारी, नरकचतुर्दशीला मी टायमर साडेतीनला लावून ठेवला होता. साडेचारला उठले तर आई फडताळासमोर अंधारात उभी, शाल पांघरून. "पाणी तापलंय, आई." "ते कळलं." तरी ती हलेना. मग तिने हात लांब करून विजेच्या दांड्याचं ते बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्या दिव्याकडे क्षणभर बघून ती म्हणाली, "हां. आता चला." मला वीज जळताना दिसत होती, त्या वर्षीची वीज. मी काही बोलले नाही.

कारण ते वर्षच तसं होतं. एप्रिलमध्ये सर्वसाधारण घराचं वर्षाचं गॅस-विजेचं बिल १,९७१ पौंडांवर गेलं होतं आणि ऑक्टोबरपासून सरकारने हात धरून ते २,५०० वर थांबवलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात हाच आकडा १,२७७ होता. ऑफिसात लोक हवामानासारखे थर्मोस्टॅटचे आकडे एकमेकांना सांगत. आम्ही एकोणीसवरून अठरा, अठरावरून सतरावर आलो. नवरा दुपारी घरून काम करताना कानटोपी घालून बसायचा आणि व्हिडिओ कॉल आला की काढायचा. मीही बदलले होते. थंडी वाजली की आधी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीकडे बघायचं, तिच्यावर सतरा असेल तर थंडी नाही असं समजायचं. आई हे सगळं बघत होती.

नोव्हेंबरात आम्ही तिला बाथला नेलं, रोमन स्नानगृहं दाखवायला. जमिनीतून शेहेचाळीस अंशांचं पाणी वर येतं, रोज ११ लाख ७० हजार लिटर. वज्रेश्वरी पाहिलेल्या बाईला त्याचं काय. पण एका बाजूला विटांचे बुटके खांब रांगेने उभे आहेत तिथे ती थांबली. त्या खांबांवर वरची जमीन असायची, बाहेर भट्टी पेटवायची आणि तिची गरम हवा खालून, मग भिंतीतल्या पोकळ विटांतून वर. म्हणजे आपल्याच घरासारखं, मी म्हटलं. आईने तोच प्रश्न विचारला, जो यंत्रासमोर विचारला होता तोच. "भट्टीत लाकडं कोण घालायचं?" गुलाम, मी म्हटलं. आईने पदर सारखा केला. "म्हणजे आम्हीच की."

तर ती बोगद्यांची गोष्ट. डिसेंबरचा दुसरा आठवडा, बाहेर बर्फ पडून घट्ट झालेलं. पहाटे मला जाग आली तेव्हा पंखा नुकताच थांबला होता आणि पत्रा टकटक करत आखडत होता. त्या टकटकीच्या मधून आईचा आवाज आला. ती खाली बैठकीच्या खोलीत होती, मावशीशी फोनवर. आपले पाच म्हणजे तिकडचे साडेदहा. "...नाही गं, काही कमी नाही. पोरगी फार करते. ऊब आहे, सगळ्या घरात आहे. पण शेकायला कुठं बसावं तेच कळत नाही." मग बराच वेळ मावशी बोलत असावी. मग आई हसली, आणि त्या हसण्यातच म्हणाली, "चार माणसं, चार खोल्या. कुणाला गारच वाजत नाही, मग कोण कशाला खाली येतंय? तिकिटाला अजून तीन महिने आहेत. तू तिला बोलू नको हां काही."

मी पडून राहिले. भिंतीतली जाळी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. ऐकायचं नसतं तर उशी सरकवता आली असती. सरकवली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी सकाळी कुणी उठायच्या आत खाली आले आणि थर्मोस्टॅट पार खाली फिरवून ठेवला. आई आली तेव्हा सांगितलं, बिघडलंय यंत्र. माणूस सोमवारशिवाय येणार नाही. तिने नळ सोडून बघितला. "पाणी तर गरम येतंय?" "ते वेगळं असतं, आई." हे खरं होतं, म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही. दुपारपर्यंत वरच्या खोल्यांत श्वास दिसायला लागला. मग लेक पुस्तकं घेऊन खाली आली, नवरा लॅपटॉप घेऊन खाली आला, बैठकीच्या खोलीत विजेचा एक हीटर लावला, गाद्या ओढून आणल्या, आईने निफाडहून आणलेली गोधडी काढली. ती शिवताना अण्णांचं धोतर आत गेलंय हे तिने लेकीला दाखवलं. शेंगा भाजल्या. लेकीने पहिल्यांदा विचारलं की आजोबा, म्हणजे खरे आजोबा, रात्री बागेत काय करायचे. आईने मग तडकलेल्या मण्यांपासून सुरुवात केली आणि ते तीन रात्री पुरलं. मधे भांडणंही झाली, एकदा हीटरचं तोंड कुणाकडे यावरून चांगलंच. पंखा बंद असल्यामुळे घर इतकं गप्प होतं की फ्रिजचं गुरगुरणंही ऐकू यायचं. रात्री वर झोपायला गेल्यावर नवरा दोन पांघरुणांखालून कुजबुजला, "किती दिवस बिघडलेलं ठेवायचं? मला सर्दी होतेय." मी म्हटलं, हळू बोल, मंगळवारी दुरुस्त होईल. आई बाजूच्याच लहान खोलीत होती.

मंगळवारी ते दुरुस्त झालं. बुधवारी लेक पुन्हा वर गेली.

चांगलं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला बर्फाच्या दिवसांत तीन दिवस गारठवलं, इतकंच एखाद्याला दिसेल. शिवाय ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी? बंबापाशी गोळा व्हायचो तेव्हा आम्हाला कुणी युक्तीने तिथे आणलं नव्हतं. मार्चमध्ये ती गेली. विमानतळावर तिने लेकीच्या हातात खोबरेलाची ती बाटली दिली आणि सांगितलं, बंबावर ठेवत जा. तेव्हापासून आमच्या घरात एअरिंग कबर्ड हा शब्दच गेला. दहा वर्षांची इंग्रज मैत्रीण लेकीला विचारत होती, वेअर इज युअर बम्ब, आणि ती तिला टॉवेल काढून देत होती.

आता दोन कागद जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. एक कॉम्बी बॉयलरचा. त्यात पाणी साठवायचंच नाही, नळ उघडला की तापतं. म्हणजे टाकी जाणार, फडताळ रिकामं होणार, नवरा तिथे व्हॅक्यूम क्लीनर ठेवायच्या विचारात आहे. दुसरा हीट पंपाचा, बाहेरच्या गार हवेतून ऊब ओढून घेणारा. त्याला सरकारचं साडेसात हजार पौंडांचं अनुदान आहे आणि त्याला टाकी लागते, नवी, मोठी, स्टेनलेस स्टीलची. डक्ट दोन्हीकडे बुजणार. नवरा रोज आकडेमोड करतो. मी रोज काहीतरी काढून दिवस ढकलते. हवेचं यंत्र बंद झाल्यापासून हीटर पुन्हा बैठकीच्या खोलीत आलाय. लेक आता तेरा वर्षांची आहे, ती तिच्या खोलीत स्वतःचा वेगळा हीटर लावून बसते.

काल आईला फोन केला. तिकडे छाटणी संपली होती, काड्यांच्या मोळ्या पडवीत आल्यात, पण आता बंब नाही, भाऊ सौरवरचं पाणी वापरतो, काड्या मशिनीत बारीक करून बागेतच जिरवायच्या म्हणतोय. बंब कुठे आहे विचारलं तर म्हणाली, माळ्यावर, चिंच लावून ठेवलाय. मग मी सांगितलं की आमचं ते गरम हवेचं यंत्र बिघडलंय. माणूस येऊन बघून गेला.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"या वेळी खरंच का?" आई म्हणाली.